बाजारची तलंग आणि घरची मरी

मागच्या कार्यक्रमानंतर चार-पाच गटांतल्या बायांनी एकच प्रश्न विचारला. बाजारातून आणलेली कोंबडी आठ दिवसांत मान का टाकते? आणि जाताना घरच्या जुन्या कोंबड्यांनाही का घेऊन जाते? उत्तर द्यायचं तर आधी आमच्याच गटाची गोष्ट सांगावी लागेल. सांगायला बरं वाटत नाही, पण ती लपवून ठेवली तर पुढचं सगळं बोलणं पुस्तकातलं वाटेल.

आम्ही बारा जणी. तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या आधी गटातून अंतर्गत कर्ज काढलं, २१,००० रुपये. प्रत्येकीला पाच तलंगा, म्हणजे साठ. बाजारात एक टेम्पो उभा होता. इतर ठिकाणी साडेचारशेला मिळणारी तलंग हा माणूस साडेतीनशेला देत होता. लालसर, अंगानं भरलेली, दिसायला छान. ऊन तापलेलं, सगळ्यांना घरी जायची घाई, लेकी माहेरी यायच्या होत्या. आमच्यापैकी एकीनंही कोंबडी हातात उचलून पाहिली नाही. लस दिली का, असं एकीनं विचारलं. तो म्हणाला, "सगळं दिलेलं आहे ताई." आम्ही मान हलवली. पावती नाही, फोन नंबर नाही. संध्याकाळी साठच्या साठ वाटून टाकल्या आणि रात्री त्या आमच्या गावरान कोंबड्यांच्या खुराड्यात गेल्या.

चौथ्या दिवशी एक खाईना. आम्ही म्हटलं, उन्हानं. सहाव्या दिवशी तीन-चार घरी हिरवट, पातळ विष्ठा दिसली. सातव्या दिवशी एका तलंगेची मान पिळवटून पाठीवर गेली आणि ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. शेजारच्या म्हाताऱ्या आजी दारातूनच म्हणाल्या, "मरी उनी व माय." त्यांना कळलं होतं. आम्हाला कळायला आणखी दोन दिवस लागले.

त्या दोन दिवसांत आम्ही जे केलं तेच आज मुख्य सांगायचं आहे. तिघींनी आजारी कोंबडी कापून खाल्ली. आणि काही जणींनी, ज्या अजून उभ्या होत्या त्या अकरा कोंबड्या दोनशे-दोनशेला विकून टाकल्या. घेतल्या कोणी? सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून बाजाराला आलेल्या बायांनी. आम्ही म्हटलं, निदान तेवढे पैसे तरी सुटले. साठांपैकी ४१ आमच्याकडे मेल्या, पाच वाचल्या. घरच्या जुन्या २७ गेल्या. आणि पंधरा दिवसांनी पाड्यावरची एक बाई भेटली. भांडली नाही. एवढंच विचारलं, "तुमच्याकडे तेव्हा आजार होता का?" तिच्या पाड्यावर पहाटे आरवायला कोंबडा उरला नव्हता.

टेम्पोवाल्यानं आमच्याशी जे केलं, तेच आम्ही तिच्याशी केलं. त्यानं कदाचित जाणूनबुजून केलं असेल, कदाचित त्यालाही माहीत नसेल. आम्हाला मात्र सातव्या दिवशी माहीत होतं.

आता हा आजार काय ते बघू. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, राणीखेत. आपल्याकडे त्यालाच मानमोडी म्हणतात, कुणी नुसतं मरी म्हणतात. राणीखेत हे उत्तराखंडातल्या थंड हवेच्या गावाचं नाव. तिथं १९२०-३० च्या दरम्यान हा रोग भारतात पहिल्यांदा नोंदला गेला म्हणून ते नाव चिकटलं. साहेबांच्या देशात याच रोगाला न्यूकॅसल म्हणतात, तेही गावाचंच नाव. बिचाऱ्या गावांचा काय दोष! हा विषाणूचा रोग आहे. म्हणजे दुकानातून आणलेली अँटिबायोटिकची पिवळी पूड पाण्यात घातली तरी विषाणू मरत नाही. हळद, लसूण, कांदा देऊन बघितलेल्या बाया आमच्यातही आहेत. कोंबडीनं खाल्लं आणि मेली. एकदा रोग चढला की त्यावर औषध नाही. लस आहे, पण ती आधी द्यायची असते.

बाजारातली कोंबडी वरून चांगली दिसते आणि घरी येऊन मरते, याचं कारण असं की विषाणू अंगात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा दिवस लागतात. कधी दोनच दिवस, कधी पंधरा. तेवढ्या काळात कोंबडी खाते, पिते, चालते आणि विष्ठेतून, श्वासातून रोग सोडतही असते. बाजारात तर दहा गावांच्या कोंबड्या एका जाळीत, एका पाण्यावर असतात. सकाळी निरोगी आलेली कोंबडी संध्याकाळी रोग घेऊन जाऊ शकते. म्हणून विकणाऱ्याला शिव्या देऊन सगळं भागत नाही. त्यात प्रवास, ऊन, उपास, नवी जागा यांनी कोंबडीची ताकद आधीच उतरलेली असते.

घेताना काय बघायचं? आधी लांबूनच पाहा, हात लावू नका. जाळीतली कोंबडी आपल्या सावलीनं सावध होते का, की डोळे मिटून, पिसं फुगवून, मान अंगात ओढून बसली आहे? एक जरी अशी दिसली तरी त्या जाळीतली दुसरी चांगली कोंबडी निवडायच्या भानगडीत पडू नका. जाळीच सोडा. आम्ही हे शिकलो ते ६८ कोंबड्यांच्या मोलानं. मग उचलून बघा. तुरा लाल हवा; फिकट, निळसर, काळपट नको. डोळ्यात फेस, नाकातून पाणी, चेहऱ्यावर सूज नको. चोचीजवळ कान नेऊन ऐका, घरघर येते का. छातीचं हाड बोटांनी चाचपा. सुरीच्या धारेसारखं वर आलं असेल तर ती कोंबडी बरेच दिवस आजारी किंवा उपाशी आहे. शेपटीखालची पिसं हिरव्या किंवा पांढऱ्या विष्ठेनं चिकटलेली नकोत. पंखाखाली फुंकर मारून उवा बघा. पायाचे खवले उचललेले, खरबरीत दिसले तर खरजेचे किडे असतात. त्यानं मरत नाही, पण दुसऱ्यांना लागतं.

आपल्या खान्देशात एक घोळ होतो. चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ ला जातो आणि धडधाकट कोंबडीही चोच उघडून धापा टाकते. मग आजारी कोण आणि तापलेली कोण? सोपा उपाय आहे. सावलीत ठेवा, गार पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा. उन्हानं धापणारी कोंबडी पाणी पिऊन, पंख अंगापासून लांब करून हळूहळू शांत होते. आजारी असेल ती मान लांब करून प्रत्येक श्वासाला आवाज काढते, आणि सावलीतही ते थांबत नाही. पण बाजारात अर्धा तास थांबायचं कोण? म्हणून आता आम्ही कडक उन्हाळ्यात कोंबड्या घेतच नाही. मानमोडीचं प्रमाणही उन्हाळ्यात आणि ऋतू पालटताना वाढतं. आखाजीला घरात कोंबड्या हव्यात तर दिवाळीनंतर घ्याव्यात, असा आमचा हिशेब आहे.

लस दिली का, एवढंच विचारून उपयोग नाही. कुठली, कोणत्या वयात, कधी, हे विचारा. पिल्लाला पाच ते सात दिवसांचं असताना लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवडे झाल्यावर आर-टू-बी या लशीचं इंजेक्शन पंखाजवळ. ज्यानं खरंच लस दिली आहे तो हे सांगू शकतो. "सगळं दिलेलं आहे ताई" हे उत्तर नव्हे. मोटारसायकलवर टोपल्या बांधून दारोदार गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात, त्यांच्याबद्दल काय बोलायचं! ती बहुतेक अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं असतात, पोरांच्या हट्टानं घेतली जातात आणि चार दिवसांत मरतात. त्यांच्याबरोबर खुराड्यात काय येतं ते कुणी बघत नाही.

एवढं सगळं बघून घेतली तरी चांगली दिसणारी कोंबडी रोग लपवून येऊ शकते, हे लक्षात ठेवा. म्हणून खरा बचाव घरी आहे. नवी कोंबडी एकवीस दिवस वेगळी ठेवायची. वेगळी म्हणजे त्याच अंगणात दुसऱ्या डालग्याखाली नव्हे. घराच्या मागच्या बाजूला, शेतातल्या खोपीत, जमल्यास गटातल्या ज्या घरी कोंबड्याच नाहीत तिथं. पाण्याचं भांडं वेगळं, दाणे टाकायची जागा वेगळी. सकाळी आधी जुन्या कोंबड्यांचं करायचं, मग नवीनांचं. उलट कधीच नाही. नवीनांकडून आल्यावर साबणानं हात, चपला, पाय धुवायचे. बाजारातून ज्या डालग्यात, पोत्यात आणल्या ते धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकायचं. उन्हाची आपल्याकडे काही कमी नाही.

एकवीस दिवस झाले की सगळ्या एकदम सोडू नका. आपली एकच जुनी कोंबडी नवीनांत आठवडाभर ठेवा. ती टिकली तर बाकीच्या एकत्र करा. हे आम्हाला पशुसखी ताईंनी सांगितलं, आणि आमच्यातल्या दोघी तेव्हा हसल्या होत्या. आता सगळ्यात जास्त काळजीनं त्याच हे करतात.

लशीचं गटानं करणं जास्त सोयीचं आहे, कारण लशीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची येते. पाच कोंबड्यांसाठी बाटली फोडली की बाकीची वाया. एकदा पाणी मिसळलं की दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फात ठेवून, उन्हापासून जपून. दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची. पदराआड, पिशवीत घालून एस.टी.नं आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. सकाळी लवकर, कोंबड्या खुराड्यातून सोडण्याआधी सगळ्या घरी एकाच दिवशी उरकायचं. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही. आणि दिल्या दिवशी ती कामाला लागत नाही. ताकद यायला आठ-पंधरा दिवस जातात. गावात मरी शिरल्यावर लशीसाठी धावणं म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

आता समजा आणलीच आजारी कोंबडी आणि तिनं मान टाकली. तेव्हा काय? पहिलं, जिथं आहे तिथंच सगळं थांबवा. जुन्या कोंबड्या बाहेर सोडू नका, शेजारणीला अंडी-पिल्लं देऊ नका, बाजारात नेऊ नका, पाहुण्यांच्या हाती पाठवू नका. दुसरं, कापू नका. नीट शिजवलेल्या मांसात विषाणू राहत नाही हे खरं, पण शिजण्याआधी पिसं, रक्त, आतडी, धुतलेलं पाणी हे सगळं अंगणात, उकिरड्यावर, कुत्र्यांच्या तोंडी जातं. मानमोडीनं कापणाऱ्या बाईचे डोळेही लाल होऊन दुखू शकतात. आमच्या तिघींपैकी एकीचे आले होते. तिसरं, दवाखान्यात फोन करा. जनावरांच्या मदतीचा नंबर १९६२ आहे. मेलेली कोंबडी पिशवीत घालून एस.टी.त बसू नका. आधी फोन, मग ते सांगतील तसं.

हा फोन इतका महत्त्वाचा का, हे आपल्या खान्देशाला वेगळं सांगायला नको. नवापूर आठवा. १९९८ पर्यंत नवापूर धुळे जिल्ह्यातच होतं, मग नंदुरबार वेगळा झाला. सुरत-धुळे रस्त्यावरच्या या गावात अंड्यांच्या कोंबड्यांची मोठमोठी फार्म. २००६ च्या सुरुवातीला तिथं कोंबड्या मरायला लागल्या. लोकांना वाटलं राणीखेतच, दर वर्षी येतं तसं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं की हा बर्ड फ्लू आहे, एच-फाइव्ह-एन-वन. भारतातला पहिला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. मार्चमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या गावांतही तो सापडला, आणि तिथं फार्मच्या नव्हे, घराघरातल्या, परसातल्या कोंबड्या होत्या. त्या वर्षी माणसाला लागण झाल्याचं एकही प्रकरण देशात सापडलं नाही, पण राज्यभर चिकन कोणी घेईना, अंडी कोणी खाईना. ज्यांच्या कोंबड्या ठणठणीत होत्या त्यांनाही गिऱ्हाईक नव्हतं. २०२१ च्या फेब्रुवारीत नवापुरात पुन्हा तेच झालं.

तेव्हा फार्मवाल्यांना, ज्यांचं अख्खं आयुष्य कोंबड्यांत गेलं त्यांना, नुसतं बघून ओळखता आलं नाही. आपल्याला कसं येणार? बर्ड फ्लूत तुरा-गलोल निळी पडतात, डोकं सुजतं, पायांवर लाल डाग दिसतात, आणि कधी काहीच न दिसता एका रात्रीत खुराडं रिकामं होतं. मानमोडीतही पुष्कळसं तसंच. फरक सांगणार प्रयोगशाळा. म्हणून एका-दोन दिवसांत चार-पाच कोंबड्या गेल्या, किंवा गावात कावळे, बगळे मेलेले दिसले, तर उघड्या हातानं काही उचलू नका आणि लगेच कळवा. २००९ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात हे दोन्ही रोग येतात. अशा रोगाचा संशय आला तर कळवणं ही मालकाची, म्हणजे आपली, जबाबदारी आहे.

पुष्कळ बाया कळवत नाहीत, कारण भीती असते की साहेब येतील आणि उरलेल्याही मारून टाकतील. भीती खोटी नाही. बर्ड फ्लू निघाला तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या मारतात, चांगल्या असल्या तरी. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली कोंबडी अशी देताना जीव तुटतो. पण हेही ऐका. भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे लपवून वाट बघत बसलं तर कोंबडीही जाते आणि पैसाही. मानमोडी निघाली तर भरपाई नाही, हे कडू आहे, पण आसपासच्या गावांना लस तरी वेळेवर मिळते.

मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेकू नका. आमच्याकडे पहिल्या दोन अशाच फेकल्या होत्या, आणि कुत्र्यांनी त्या गावभर केल्या. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून उचला, विहिरीपासून, बोअरपासून लांब खोल खड्डा घ्या, खाली-वर चुना टाका, माती दाबून वर काटे ठेवा. खुराड्यातली विष्ठा, पेंढा त्याच खड्ड्यात. खुराडं धुऊन चुन्यानं सारवा आणि निदान महिनाभर रिकामं ठेवा. वाचलेल्या पाच आम्ही ठेवल्या होत्या. दोघींच्या माना कायमच्या वाकड्या राहिल्या, अंडीही नीट दिली नाहीत. मरीतून वाचलेली कोंबडी काही आठवडे रोग सोडत राहते, तेव्हा तिलाही विकायची घाई नको.

कर्जाचं काय झालं, हेही सांगून टाकू. टेम्पोवाला पुन्हा त्या बाजारात दिसला नाही. २१,००० आम्ही बारा जणींनी चौदा महिन्यांत फेडले, भाजीच्या आणि निंदणीच्या पैशातून. गटाच्या वहीत ठराव लिहिला: घेणारा गट जाईल तेव्हा दोघी बघायला आणि एक लिहायला; विकणाऱ्याचं नाव, फोन, लशीच्या तारखा वहीत उतरल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत; आणि गटातल्या कोणाच्याही घरी कोंबडी आजारी असेल तर तीन आठवडे गटातून एकही कोंबडी विकली जाणार नाही. शेवटच्या ठरावावर सर्वात जास्त वाद झाला. एक जण म्हणाली, पोरांची फी भरायची असेल तर? त्यासाठी गटातून पाचशे रुपये बिनव्याजी द्यायचे ठरले, कोंबडी विकायची नाही.

दुसऱ्या वर्षी कार्तिकात पुन्हा तीस तलंगा घेतल्या, आठ आठवड्यांच्या, लशीच्या तारखा असलेल्या. गटात एकीच्या घरी कोंबड्या नव्हत्या, तिच्या खोपीत एकवीस दिवस ठेवल्या. दोन मेल्या, एक मुंगसानं नेली. बाकीच्या अंड्यावर आल्या.

पाड्यावरच्या बाईकडे आम्ही चौघी गेलो होतो. पैसे घेऊन गेलो, अकरा कोंबड्यांचे बावीसशे. तिनं तिच्यापुरते घेतले, बाकीच्यांची घरं दाखवली. मग म्हणाली, पुढच्या वेळी लशीची बाटली फोडाल तेव्हा आम्हालाही निरोप द्या, आमच्या वीस-पंचवीस होतील. तेव्हापासून लशीच्या दिवशी आमच्यातल्या दोघी थर्मास घेऊन आधी पाड्यावर जातात, पहाटेच, कारण चढ आहे आणि बर्फ दोन तासच टिकतो. येत्या सोमवारी पुन्हा जायचं आहे. ज्या गटांना याच बाटलीत सामील व्हायचं असेल त्यांनी कोंबड्यांचा आकडा शनिवारपर्यंत पशुसखी ताईंना कळवावा.